परिवीक्षेची अट मोडली तर

अपराध शाबीत होऊनहि तुरुंगांत न धाडतां, चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन न्यायालय एखाद्यास सोडतें, तेव्हां घरची मंडळी पेढे वाटतात. तो आनंद थोडा उतावळा होय. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमान्वयें शिक्षा माफ झालेली नसते. फार तर ३ वर्षें ती हातची राखलेली असते, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

अट मोडल्याची वर्दी बहुधा परिवीक्षा अधिकाऱ्याकडून न्यायालयाकडे जाते. मग समन्स निघतें, क्वचित् थेट पकडवॉरंट. दोष पटल्यास मूळ अपराधाची शिक्षा तेथल्या तेथें सुनावतां येते. चूक पहिलीच असेल तर मुचलका कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर भागविण्याची मुभाहि आहे. मात्र तो मुदतींत न भरल्यास पुन्हां मूळ शिक्षेचें भय उभें राहतें.

तथापि वर्दी म्हणजे निकाल नव्हे. सुनावणी झाल्यावांचून शिक्षा देतां येत नाहीं. देखरेखीच्या हुकुमाची एक प्रत अपराध्यास द्यावीच लागते. ती काढून नेमकी कोणती अट मोडली हें प्रथम पाहावें. हजेरी चुकली त्या दिवशीं तो इस्पितळांत असेल, तर तेथील कागद शंभर शपथांहून वजनदार. कामधंद्यासाठीं गांव सोडणें भाग असेल, तर आधींच अधिकाऱ्यास गांठावें. त्याच्या अर्जावरून न्यायालय अटी बदलूं शकतें. हें न करतां मुंबईस निघून गेलेला मनुष्य मागाहून कितीहि खरें बोलला, तरी त्याच्या वकिलाच्या हातीं फार थोडें उरतें.