एकशे पाच

बाई म्हणाल्या, ‘एकशे पाच’, आणि दुसरीतल्या मुलीने पाटीवर १००५ लिहिलं. ठसठशीत, दोन्ही शून्यं गरगरीत गोल. शेजारच्या मुलाने डोकावून पाहिलं आणि आपला आकडा पुसून तिच्यासारखा केला.

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या वाटेवरच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी मागे सतरंजीवर बसले होते. बाईंनी फुली मारली नाही. ‘वाच बरं,’ एवढंच म्हणाल्या. मुलीने शंभरावर बोट ठेवलं, ‘एकशे’. मग पाचावर सरकवलं, ‘पाच’. कानावर जे आलं ते त्याच क्रमाने तिने मांडलं होतं. मला अशा चुका फार मोलाच्या वाटतात. मूल विचार कसा करतंय हे त्यात उघड दिसतं. बरोबर उत्तरात ते लपून राहतं.

पलीकडे पहिलीची पोरं चिंचोके मोजत होती. एकाने प्रत्येक चिंचोक्याला हात लावत सात मोजले. ‘मग किती आहेत?’ विचारल्यावर तो पुन्हा एकपासून सुरू झाला. ‘सात’ हे त्याच्या लेखी शेवटच्या चिंचोक्याचं नाव होतं. ते अख्ख्या ढिगाचं आहे, हे अजून उमगायचं होतं. दुसरा मोजायला लागला तो ‘लाभ, दोन, तीन’ असा. घरी आजी भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. बाई हसल्या आणि त्याला तसंच मोजू दिलं.

मराठी मुलांना गणितात एक घाट जास्तीचा चढावा लागतो. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, वीस मागून. मूल ५२ लिहून मोकळं होतं. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला ‘वीस पाच’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण परोपरीने समजावून सांगत होत्या. घरात, बाजारात कानावर पंचवीसच पडणार, म्हणून तो शब्द हवाच. पण लिहायला बसलेल्या मुलाला वीस पाचचा आधार मिळाला तर भाषेचं काय बिघडतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

या शाळेतली मुलं सहलीला नाणेघाटाच्या लेण्यात जातात. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथल्या भिंतींवर आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांत कोरली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे आकडे. सतरा म्हणजे दहाचं चिन्ह आणि सातचं. सातशे म्हणजे शंभराच्या चिन्हाला जोडलेले सात. २४,४०० हा आकडा वीस हजार, चार हजार, चारशे असा ओळीने मांडलेला. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. बोलावं तसं लिहिलं आहे. १००५ लिहिणारी आमची मुलगी नेमकं हेच करत होती. तिथून शून्यापर्यंत पोचायला माणसांना कित्येक शतकं लागली. आपण मात्र मुलांकडून ते एका सत्रात मागतो.

बाजाराचा हिशेब निराळा. नारायणगावला कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर निघतो, त्यामुळे बागायती गावांतल्या मुलांना शंभर जुड्यांचा एक शेकडा ऐकून ठाऊक असतो. मंचरजवळच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलाने वहीत ५२ वजा १७ बरोबर ४५ लिहिलं होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. मी विचारलं, ‘बावन्न रुपये आहेत, सतरा दिले, तर?’ तो छताकडे बघत म्हणाला, ‘सतराला तीन दिले की वीस. विसाला बत्तीस दिले की बावन्न. पस्तीस.’ मग वहीकडे पाहून म्हणाला, ‘पण हे वजाबाकीचं आहे ना!’ त्या ‘पण’ने मला दिवसभर सोडलं नाही. डोक्यातलं गणित आणि वहीतलं गणित यांची त्याच्याकडे ओळखच झालेली नव्हती.

इकडे नाणेघाटाच्या वाटेवरच्या शाळेत बाईंनी कपाटातून पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. १०० ची लांब, ५ ची आखूड. मुलीने आधी त्या शेजारीशेजारी ठेवल्या: १००५. बाईंनी पाचाची पट्टी उचलून शेवटच्या शून्यावर ठेवली. १०५. मुलीने ती उचलली, खाली पाहिलं, परत ठेवली. पुन्हा उचलली. ‘बाई, शून्य खालीच आहे,’ ती म्हणाली. शंभरातलं शंभरपण कुठे गेलं नाही, पाचाखाली झाकलं गेलंय, याची ती खात्री करून घेत होती. चार-पाच वेळा तरी तिने पट्टी उचलली असेल. बाई थांबून राहिल्या.

नंतर पट्ट्या बाजूला ठेवून बाईंनी सांगितलं, ‘दोनशे तीस.’ मुलीने २०० लिहिलं, थबकली, बोट ओलं करून शेवटची दोन शून्यं पुसली आणि २३० केलं. मग ‘दोनशे तीन’. तिने झटकन २३ लिहिलं. पाटीकडे बघत राहिली. ‘हे तर तेवीस झाले,’ स्वतःशीच म्हणाली आणि पट्ट्यांकडे हात नेला. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. पाटी तशीच २३ सह भिंतीला टेकवून ती ताटली घ्यायला धावली.