दूरपरिषद सर्व्हर
दूरपरिषद सर्व्हर : मोठ्या संस्थेच्या निरनिराळ्या कार्यालयांतील व्यक्तींचे ध्वनी व चित्रे एकत्र आणून त्यांची एकच सभा घडविणारा संगणक. सहा जण परस्परांशी थेट जोडले गेल्यास प्रत्येकाला पाच प्रवाह पाठवावे लागतात. सर्व्हर असल्यास एक पुरतो. मात्र सर्व भार सर्व्हरवर येतो. म्हणून उभारणीपूर्वी एकूण कर्मचाऱ्यांची नव्हे, तर एकाच वेळी सभांत असणाऱ्यांची कमाल संख्या ठरवावी लागते. जी.७११ संकेतनात ध्वनीला दर सेकंदास ६४ किलोबिट लागतात. चित्राला त्याच्या कितीतरी पट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार १५० मिलिसेकंदांपर्यंतचा एकेरी विलंब बहुधा जाणवत नाही. तो बराच वाढल्यास बोलणारे एकमेकांना अडवू लागतात. चित्र अडखळले तरी सभा चालते, शब्द तुटले तर थांबते. त्यामुळे अपुऱ्या मार्गावर ध्वनीला अग्रक्रम देतात. पर्यायी सर्व्हरही सज्ज ठेवतात.