करीचं मटण, वारुळावरच्या सात्या आणि डब्यातले सरगुंडे

मटण आणि रानातल्या सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळिंब्या, घालून पास्त्याचा सॉस घरी करतो, असं अमरावतीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "चीज कुठून आणता?" चीज राजकमल चौकाच्या आसपास कुठंही मिळतं. खरा घोळ पंचांगाचा आहे.

पाऊस मुरला, मधे उघडीप पडून उकडायला लागलं की सात्या फुटतात. म्हणजे ऐन श्रावणात. आणि श्रावणात वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत मटणाचं भांडं माळ्यावर गेलेलं असतं. आखाडात उरकून घ्यावं तर सात्यांचा पत्ता नसतो. पुढे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. तोवर सात्या संपलेल्या. मधे सापडते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची कर. अमावास्येला पोळा, प्रतिपदेला कर, चतुर्थीला गणपती. एवढ्या फटीत हा सॉस बसवायचा.

करीच्या सकाळी खाटकाच्या दुकानापुढची गर्दी पाहिलीत तर पास्ता वगैरे विसरून जाल. मी रांगेत उभा राहून कोकराचं मटण मागितलं, तर सत्तूर हवेतच थांबला. "कोकरू कोन कापते बापा? बोकड हाय, घ्याचं असंन तर सांगा." त्याचं बरोबर होतं. धनगरांचे मेंढ्यांचे कळप वऱ्हाडातून फिरतात, पण शहरात मटण म्हणजे बोकडाचंच. त्यात वाईट काही नाही. बेरारी ही वऱ्हाडची स्वतःची शेळी आहे, देशातल्या नोंदणीकृत जातींमध्ये तिचं नाव आहे. मेंढीच्या मटणाला चरबी जास्त, त्या चरबीला उग्र वास, आणि ताट जरा थंड झालं की ती टाळूला चिकटते. बोकड कोरडा, म्हणून खांद्याचं मटण घेताना थोडी चरबी मागून घ्यावी लागते. खिमा मात्र मशीनचा नको. मशीनमधून निघालेला खिमा पाणी सोडतो आणि सॉसमध्ये त्याचा लगदा होतो. सत्तूरानं केलेला खिमा दाताखाली येतो. गर्दीच्या दिवशी हे सांगितलं की मागच्या रांगेतून काय काय ऐकू येतं, ते इथं छापण्यासारखं नाही.

सात्या परतवाड्याकडच्या रस्त्यावर पळसाच्या पानात बांधलेल्या मिळतात. मेळघाटच्या राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणता येत नाही, त्यामुळे गावाच्या शिवारातल्या, धुऱ्यावरच्या वारुळांचाच हा माल. वाळवी जमिनीखाली ही बुरशी स्वतः पिकवते, चावलेल्या काडीकचऱ्याचा वाफा करून. सातीचं लांब मूळ थेट त्या वाफ्यापर्यंत गेलेलं असतं. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या वंशाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. पण वाळवीची ही शेती व्यापारी प्रमाणावर माणसाला अजून साधलेली नाही. शेजारच्या काकूंना त्याचं कौतुक नाही. पानाची पुडी सोडताच त्या दारातून म्हणाल्या, "काऊन बापा, हे टेकोडे खाऊन मराचं हाय काय?" भीती रास्त आहे. चांदीचं नाणं टाकून विष ओळखायची पद्धत निव्वळ थाप. सगळ्यांत घातक अळिंबीचं विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या सुरू व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो, तोवर ते यकृतापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून जन्मभर सात्या वेचणाऱ्या बाईकडूनच घ्यायच्या. ती नसेल तर गुमान धिंगरी आणायची. ती सोयाबीनच्या कुटारावरही पिकते.

आता चुलीपाशी. अर्धा किलो खिम्याला दोन कांदे, एक गाजर, सहा-सात पाकळ्या लसूण. खिमा आधी एकटाच, मोठ्या आचेवर, पसरट कढईत. पाणी आटून तो तळाला धरू लागला की घाबरायचं नाही. तो तपकिरी थर हीच सॉसची कमाई. मग कांदा-गाजर-लसूण, आणि तळ खरवडायला तीन टमाटे. इटलीत इथं वाइन ओततात. मी अंबाडीची चार कोवळी पानं टाकतो. बोकडाला आंबट लागतंच, आणि करीच्या सुमारास अंबाडी बांधावर उभी असते. पुढे मंद आचेवर दीड तास तरी.

या दीड तासात खरं नाटक घडतं. घरातला जो तो येऊन झाकण उघडतो. वहिनी काळ्या मसाल्याची वाटी घेऊन ओट्याशी उभी. "भाऊजी, चिमूटभर टाकू द्या ना, मटन फिक्कं दिसून रायलं." मसाला टाकला की रस्सा झाला, आणि सातीचा मातकट गोडवा त्याखाली गाडला गेला. त्या कढईवर पहारा द्यावा लागतो.

सात्या शेवटी. मिठाच्या पाण्यातून पटकन काढायच्या, सुरी न लावता हातानं उभ्या चिरायच्या आणि वेगळ्या तव्यावर पाणी आटेस्तोवर परतायच्या. कच्च्याच सॉसमध्ये टाकल्या तर सगळं पाणचट होतं. वाळवलेल्या असतील तर भिजवलेलं पाणी फडक्यानं गाळून कढईत. वाळलेल्या अळिंबीतलं ग्वानिलेट आणि टमाट्यातलं ग्लुटामेट एकत्र आलं की दोन्हींची चव कित्येक पटींनी वाढते, हे अकिरा कुनिनाका या जपानी संशोधकानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं.

पास्ता मी विकत आणत नाही. उन्हाळ्यात अकोल्याची मावशी सरगुंडे करते: कुटून मऊ केलेल्या पिठाची दोरी बारीक काडीवर गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची, वेटोळं सावलीत वाळवायचं. इटलीच्या कालाब्रियात बायका बारीक लोखंडी सळीवर असाच पास्ता वळतात, आणि त्यावर बकरीच्या मटणाचा सॉस घालायची तिथं जुनी रीत आहे. हे मी मावशीला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"सरगुंडे रसासंगं खातेत," ती म्हणाली. "जावयाले वाढतेत. मटनासंगं कोन खाते?"

तरी तिनं डबा दिला. मात्र अटी घातल्या: सरगुंडे तिच्या पातेल्यात उकडायचे, मटणाची कढई अंगणातल्या चुलीवर, आणि दोन्ही एकत्र करायचे ते ताटातच, तेही घराबाहेर. आम्ही ओसरीवर बसून जेवलो. तिसऱ्यांदा वाढून घेताना भाच्यानं आत हाक मारली, तेव्हा मावशीनं दारातूनच विचारलं, "सरगुंडे पुरले ना रे, का आनखी टाकू?"