दातांना तारा, आईला घोर

चंदिगडच्या सेक्टर १७ मधला बाजार म्हणजे संध्याकाळी पायी हिंडण्याची हक्काची जागा. जानेवारीत लोहडी जवळ आली, की रेवडी, गजक आणि शेंगदाण्यांची खरेदी सुरू होते. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरात त्याच आठवड्यात संक्रांतीचा तिळगूळही होतो. अशा वेळी दातांना तारा लावलेली चौदा वर्षांची मुलगी रेवडीचा तुकडा चावते अन् कट्‌कन आवाज होतो. दातावर चिकटवलेले ब्रॅकेट सुटते, तारेचे टोक गालात टोचू लागते. रविवार असल्याने दवाखाना बंद. आई घाबरते, तर बाबा फेविक्विकची ट्यूब शोधू लागतात!

ती ट्यूब आधी दूर ठेवावी. असला गोंद तोंडात वापरण्यासाठी नसतो. त्याने हिरडी भाजू शकते.

ब्रॅकेट सुटल्यास

ते तारेवर अडकलेले असेल तर ओढून काढू नये. हलून टोचत असेल तर त्यावर तारांसाठी मिळणारे मेण लावावे. पूर्ण निघाले असेल तर डबीत जपून ठेवावे व दवाखाना उघडताच फोन करावा. पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दात सरकण्याचे काम लांबते.

तार टोचत असल्यास

हात धुऊन, आरशासमोर, स्वच्छ चमच्याच्या दांड्याने टोक हलकेच दाताकडे वळवावे. वळत नसेल तर ती जागा कापसाने कोरडी करावी, वाटाण्याएवढ्या मेणाची गोळी करून टोकावर दाबून बसवावी. तार घरी कापण्याची घाई नको, तुकडा घशात जाण्याचा धोका असतो.

गाल सोलवटल्यास

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात.

तारा घट्ट केल्यावर

दोन-चार दिवस दात ठणकणे स्वाभाविक आहे. मऊ खिचडी, वरणभात, दहीभात द्यावा. गार पाण्याचे घोटही आराम देतात. वेदना फार असतील तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, हिरडीवर गोळी ठेवण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये.

केव्हा थांबू नये?

तुकडा गिळला गेला आणि खोकला, धाप किंवा गिळायला त्रास सुरू झाला, तोंडावर मार लागला, चेहरा सुजला, ताप आला, तर घरगुती उपाय सोडून थेट रुग्णालय गाठावे. चंदिगडमध्ये सेक्टर १२ मधील पीजीआय आहेच.

रोजची शिस्त

तारांभोवती अन्न अडकून जंतू आम्ल तयार करतात आणि तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासावेत, फटींसाठी बारीक ब्रश वापरावा. चिक्की, रेवडी, बर्फ, उसाचे करवे वर्ज्य. मक्याचे कणीस आवडत असेल तर दाणे सोलून, मऊ उकडून द्यावेत.

उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतात. तेवढ्या काळात संक्रांत एक-दोनदाच येते. तेव्हा मुलीच्या हातावर कडक वडीऐवजी मऊ तिळाचा लाडू ठेवावा. गोड बोलायला तोही पुरतो!