विश्वस्त निवडताना

संस्था उभी राहते ती एका पिढीच्या कष्टांवर. ती टिकते मात्र पुढच्या पिढीने केलेल्या निवडीवर. मराठवाड्यातील अनेक निवासी शाळांच्या संस्थापकांची पिढी आता थकली आहे, काहीजण आपल्यातून निघूनही गेले आहेत. त्यांच्या रिकाम्या जागी कोणास बसवावे, हा प्रश्न अर्धापूरसारख्या गावीही आज ना उद्या उभा राहणारच. अशा वेळी बहुधा देणगीची रक्कम, घराण्याचे नाव किंवा राजकीय वजन पाहिले जाते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलास या निवडीत मत नसते. तिचा परिणाम मात्र त्याच्या ताटात, अंथरुणात आणि अभ्यासात उतरतो.

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. इमारत, जमीन, बँकेतील ठेव ही त्याच्या नावे दिसली, तरी ती लाभार्थ्यांसाठी सांभाळावयाची असतात. आपल्या शाळांचे लाभार्थी म्हणजे शेतमजुराची, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाची, पालक गमावलेली लेकरे. त्यांचे हित हीच निवडीची पहिली कसोटी असावी, असे आम्हांस वाटते.

ही कसोटी आपल्या परंपरेत फार जुनी आहे. संघाच्या चीवरांचे भांडार कोणी सांभाळावे, याचे निकष विनयपिटकातील महावग्गात आहेत. जो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींनी वाहवत नाही, आणि काय जपून ठेवले आहे, काय नाही, हे ज्यास नेमके ठाऊक असते, तोच त्या कामास पात्र. शिवाय त्याचे नाव संघासमोर मांडून, संघाच्या संमतीनेच त्यास नेमावयाचे असे. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर आपल्या भाच्यास नोकरी लावणारा छंदाने वाहिला. जुन्या भांडणापायी चांगल्या शिक्षकास छळणारा द्वेषाने. हिशेब न समजता सही करणारा मोहाने. आणि पुढाऱ्याचा फोन येताच गप्प बसणारा भयाने. पाचवी अट तर रोकडवहीचीच आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे नामांकित कायदेपंडित होते; कार्यकारी मंडळाची धुरा स्वतः बाबासाहेबांकडे होती. बाहेरच्यांची विद्वत्ता आणि प्रतिष्ठा घ्यावी, परंतु कामाचे सुकाणू लाभार्थ्यांची वेदना जाणणाऱ्याच्या हाती असावे, हा धडा आम्ही त्यातून घेतो. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. त्यांच्या पश्चात तिच्या विश्वस्तपदाचे वाद न्यायालयापर्यंत गेले, हेही आपण जाणतो. थोर संस्थापकाचे नाव असले, तरी वारसदारांच्या निवडीचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

कायद्यानेही काही कुंपणे घातली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलल्यास कलम २२ अन्वये नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास बदल कळवावा लागतो. कलम ३६ प्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा दान देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीविना करता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, अथवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासही तीच मंजुरी लागते. संस्थेसाठी कर्ज काढण्यावरही कायद्याची बंधने आहेत. गैरव्यवहार किंवा विश्वासघात करणाऱ्या, हिशेबात वारंवार कसूर करणाऱ्या विश्वस्तास कलम ४१-ड खाली पदावरून दूर करता येते. तथापि कुंपण मोडल्यावर धावण्यापेक्षा राखणदार नीट निवडणे बरे.

निवासी शाळेच्या विश्वस्तास आणखी एक जबाबदारी असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'संस्थेची बदनामी होईल' म्हणून प्रकरण दाबणारा मनुष्य कितीही मोठा देणगीदार असो, तो विश्वस्त होण्यास योग्य नाही.

मग नाव पुढे आले की काय विचारावे? हा मनुष्य वर्षातून किती वेळा मुलांच्या पंगतीस बसेल? शाळेच्या खरेदीत, बांधकामात वा भरतीत त्याचा किंवा नातलगांचा स्वार्थ आहे काय, आणि असल्यास त्या ठरावापासून तो दूर राहील काय? लेखापरीक्षकाचा अहवाल तो वाचतो, की नुसती सही करतो? बैठकीत अल्पमतात राहूनही विरोध नोंदविण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? मुलींचे वसतिगृह असेल, तर मंडळावर त्यांचे मन जाणणारी स्त्री आहे काय?

माजी विद्यार्थ्यांनी हे प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. या छपराखाली झोपल्यामुळे पाऊस आला की कोणत्या खोलीत पाणी शिरते, हे त्यांना ठाऊक असते. पालकांनीही 'आपल्याला काय कळते' असे म्हणून मागे राहू नये. आपले मूल कोणाच्या भरवशावर ठेवले आहे, हे जाणणे त्यांचा हक्क आहे. संस्थेची घटना मागावी, वार्षिक हिशेब पाहावा, सभेस यावे.

विहारात ठेवलेल्या दानपेटीत एखादी आजी पदराच्या गाठीतली नाणी टाकते, तेव्हा ती पावती मागत नाही. तिच्या त्या विश्वासास पात्र ठरेल असा मनुष्य निवडणे, एवढेच आपले काम आहे.