दोनशे तासांची खरी किंमत

वैमानिक होण्याचा हिशेब मांडताना घरोघरी पहिला प्रश्न येतो तो फीचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी विद्यार्थ्याची स्वतःची असावी लागते. शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर, रेडिओचा परवाना आणि क्लास १ वैद्यकीय तपासणी आहेच. पुढे एअरलाइनमध्ये शिरायचं तर ए३२०सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची खास पात्रता, त्याचा खर्च निराळा. सगळं मिळून आकडा अर्ध्या कोटीच्या पलीकडे सहज जातो. तरीही फी निदान आधी कळते. २०० तास किती महिन्यांत पुरे होतील, हे मात्र कुणी लिहून देत नाही आणि कुटुंबाला सर्वांत महागात पडतो तो हाच विलंब.

साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणजे घर किंवा जमीन गहाण पडते. ५० लाखांची उचल १२ टक्के दराने धरली, तर नुसतं व्याज महिन्याला ५० हजार होतं. सहा महिने रखडलं की ३ लाख गेले. वर हॉस्टेलचा खर्च आणि खंड पडल्यामुळे प्रशिक्षकाबरोबर पुन्हा कराव्या लागणाऱ्या सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं. म्हणून तासाला दोन-तीन हजारांनी स्वस्त असलेली, पण विमानं आणि प्रशिक्षक अपुरे असलेली संस्था अखेरीस महाग ठरू शकते.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. प्रशिक्षण संस्था असलेल्या गोंदियात पावसाळा, अमेठीजवळच्या फुरसतगंजला हिवाळी धुकं. त्याला संस्था काय करणार? पण पाऊस आणि धुकं ठरल्या ऋतूत येतात. त्या काळात पेपर उरकून घेता येतात आणि उघडीप होताच उड्डाणं वाढवता येतात. घाईने सुरक्षितता धोक्यात येईल, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. मात्र लांबलेला खंडही हात बिघडवतो. उरतो तो परदेशात शिकण्याचा मार्ग. तिथे तास लवकर भरतात, पण परत आल्यावर इथले पेपर, वैद्यकीय तपासणी आणि परवाना बदलून घेण्याचे सोपस्कार चुकत नाहीत. तेवढे महिने आणि पैसे त्याही हिशेबात धरायला हवेत.

डीजीसीएने २०२५मध्ये प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही सुरुवात चांगली असली तरी पालकाला श्रेणीइतकाच आणखी एक आकडा हवा: गेल्या तुकडीला सीपीएल मिळायला सरासरी किती महिने लागले. तो जाहीर करणं संस्थांवर बंधनकारक व्हावं. तसंच फी एकरकमी न घेता उडालेल्या तासांच्या टप्प्यांनी घ्यावी. इंधन आणि देखभालीसाठी संस्थेला आगाऊ पैसा लागतो हे खरं. पण एका टप्प्यापुरती रक्कम आधी घेऊनही ती गरज भागते. एअर इंडिया आणि इंडिगो यांनी २०२३मध्ये मिळून सुमारे हजार विमानांची मागणी नोंदवली. त्यांना तयार वैमानिक हवे असतील, तर विलंबाची जोखीम केवळ गहाण घरावर टाकून चालणार नाही.