वातानुकूलकाचे पाणी वाट का चुकते?

पावसाळा सुरू झाला, की जुन्या घरात नंतर बसवलेल्या वातानुकूलकाखाली भिंतीला ओल धरते आणि थेंब टपकू लागतात. ‘गॅस संपला असेल’ असे समजून आपण गॅस भरण्याचा खर्च करतो. पण गळती पुष्कळदा थांबत नाही. असे का होते?

हे पाणी गॅसचे नसते. ते खोलीतल्या हवेतून येते. बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम यावा, तसेच येथे घडते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा १२ अंशांपर्यंत थंड केली, तर तिच्यात जेमतेम ११ ग्रॅम बाष्प मावते. उरलेल्या १३ ग्रॅमचे पाणी होते. जुन्या घराची दारे-खिडक्या घट्ट बसत नाहीत. फटींतून दमट हवा सतत आत येत राहते आणि पाणीही जमत राहते.

विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती मुख्यतः हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवण्यासाठी. तेव्हा पाणी जमणे हा बिघाड नव्हे. त्याची वाट चुकणे हा बिघाड.

ही वाट तीन ठिकाणी चुकते. थंड नळ्यांखाली पाणी झेलणारी एक पन्हळ असते व तिच्यातून एक नळी बाहेर जाते. धूळ आणि शेवाळ साचून ही नळी तुंबते, हे पहिले कारण. दुसरे कारण उताराचे. जाड भिंतीतून लांबवर नेलेली नळी मध्येच वर उचलली गेली किंवा तिचे बाहेरचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले, तर प्रवाह अडतो. खिडकीतल्या यंत्राची लाकडी चौकट कुजून यंत्र आत कलले, तरी पाणी खोलीत येते. तिसरे कारण बर्फाचे. जाळी धुळीने भरली की नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही, त्यांचे तापमान शून्याखाली उतरते व बर्फ धरतो. यंत्र थांबताच तो एकदम वितळून पन्हळ भरून वाहते.

दुरुस्तीही याच क्रमाने करावी. प्रथम मुख्य बटण बंद करावे, कारण ओल्या भिंतीतून वीजवाहक तारा गेलेल्या असू शकतात. जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. मग पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते बाहेरच्या टोकातून येते का, हे पाहावे. येत नसेल, तर पाणी ओढू शकणाऱ्या व्हॅक्यूम यंत्राने बाहेरच्या टोकाकडून मळ ओढून घ्यावा. आतून जोराने फुंकल्यास सांधा निखळण्याची भीती असते. नळीला दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार आहे का, हे गवंड्याच्या पाणसळीने तपासावे.

एवढे करूनही बर्फ धरत असेल, तर मात्र गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी छिद्र आहे. ते न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. आजच्या काही यंत्रांतला गॅस ज्वलनशील असतो. हे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे.

वर्गासाठी यात एक सोपा प्रयोग आहे. नळीखाली मोजपात्र ठेवून तासाभरात किती पाणी जमते, ते मे आणि जुलै महिन्यांत मोजावे. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा मे यांत किती फरक पडेल, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगावे. भिंत ओली करणारे पाणीच मग आर्द्रतेचा धडा शिकवील.